दात कशासाठी, हे कुणी विचारलं नाही

माझ्या तोंडात काय बसवायचं हे ठरवायला माझ्याच घरात बैठक भरली होती आणि मी त्या बैठकीला चहा करत होते.

कामोठ्यातला आमचा फ्लॅट लहान आहे. ओट्याशी उभं राहिलं की हॉलमधलं सगळं ऐकू येतं. सोफ्यावर माझा मोठा भाऊ बसला होता, समोरच्या खुर्चीत माझा मुलगा, आणि टीपॉयवर माझ्या जबड्याचा एक्स-रे. भावाने तो उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि जमिनीच्या मोजणीचा नकाशा बघावा तसा बराच वेळ बघितला. आमच्याकडच्या खारजमिनी त्याने अशाच बघून विकल्या आहेत.

"इकडं हाड कमी हाय," तो म्हणाला. "भराव टाकावा लागंल."

"हो मामा, डॉक्टरपण तेच म्हणाले," मुलगा म्हणाला. "बोन ग्राफ्ट."

"मंग टाकू. पैशाचं मी बघतो. आपल्या घरची बाई कवळी घालून फिरनार नाय."

मी ट्रे ठेवला. एक हात तोंडावर होता, कारण तेव्हा तो तिथेच असायचा. दोघांनी कप उचलले. त्या संध्याकाळी मला फक्त एकच प्रश्न विचारला गेला, तो म्हणजे बिस्किटं आहेत का.

मी आहे बासष्ट वर्षांची. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. नवरा गेल्यावर मुलाला एकटीने वाढवलं, घराचे हप्ते फेडले, निवडणुकीच्या कामाला नेमलं तेव्हा कुठल्या कुठल्या आडगावात जाऊन बसले. तेव्हा कुणाला माझ्या वतीने ठरवावंसं वाटलं नाही. चार दात पडले आणि माझी अक्कलही त्यांच्याबरोबर पडली असं सगळे धरून चालले.

दात पडले ते रिक्षात. रोडपालीला एका जुन्या मैत्रिणीकडे गेले होते. परत येताना कळंबोलीच्या वळणावर रिक्षा एका खड्ड्यात गेली आणि मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या पाठीमागच्या लोखंडी दांडीवर आपटले. वरचे पुढचे दोन दात तिथेच हातात आले. शेजारचे दोन हलले, ते नंतर काढावे लागले. ड्रायव्हर बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. पाण्याची बाटली धरून "मावशी, मावशी" करत होता. त्याच्यावर माझा राग नाही. खड्ड्याच्या कडेला एक फलक उभा होता, गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणून. त्या फलकावर मात्र माझा राग आहे. क्षमस्व लिहिणाऱ्याने एकदा त्या रिक्षात बसून दाखवावं.

आता धवल्यांचं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का चिडले हे कुणाला कळायचं नाही.

आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टका म्हणतो आणि जातो. पण लग्न चालवते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि धवलारीण ते म्हणते तेव्हाच तो विधी पुढे सरकतो. हळद कुणी दळायची, तेल कुणी लावायचं, सुनेने कुठे बसायचं, सगळं गाण्यात असतं. माझी आत्या धवलारीण होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि मी तिच्या मागे वही घेऊन बसले तर तिने ती वही चुलीजवळ ठेवायला लावली होती. तोंडातून घे, म्हणाली. मग मी तोंडातून घेतलं. पुढे मास्तरीण झाले तरी सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या मांडवात बसत आले. शाळेतल्या बायकांना ते जरा खालच्या दर्जाचं वाटायचं. मला कधीच वाटलं नाही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा धवला आवतणाचा. लग्नाला आधी देवांना बोलवायचं, गावदेवीपासून एकवीरेपर्यंत. ते झालं की त्या घरातले जे गेले आहेत त्यांना बोलवायचं, एकेकाला नावाने. म्हणून लग्नाआधी मी त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसते आणि विचारते, कोण कोण गेलं? ती आठवून सांगते, मधेच डोळे पुसते, पुन्हा सांगते. मी ती नावं डोक्यात बसवते. एखादं नाव राहिलं तर तो माणूस मांडवाबाहेर ताटकळत उभा राहतो अशी आमची समजूत आहे. कुणी हसावं, माझी हरकत नाही. मी चाळीसएक वर्षं माणसांना बोलावते आहे आणि नाव ऐकल्यावर त्या घरातल्या बायांचे चेहरे कसे होतात ते मी बघितलेलं आहे.

आणि हे सगळं दातांवर चालतं. गळा पाहिजेच, पण पुढचे दात नसतील तर त, थ, द, स यांचं काही खरं नाही. टाके सुटल्यावर मी एकदा बाथरूममध्ये नळ सोडून गावदेवीला हाक मारून बघितली. तोंडातून वारा आला, लाळ आली, नाव काही आलं नाही. मी नळ तसाच चालू ठेवून रडले. दिसण्यासाठीही रडले, खोटं कशाला बोलू. भाजीवाल्याशी बोलताना ओढणी तोंडावर धरायची, लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर मान खाली घालायची, याने माणूस महिन्याभरात खचतो. पण जास्त रडले ते भाचीसाठी. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर लगेचचं. लहानपणापासून ती म्हणायची, आत्या, माझ्या लग्नात तूच गायचं. आमचे वडील गेल्यानंतर त्या घरातलं ते पहिलं लग्न. म्हणजे त्यांना पहिल्यांदाच नावाने बोलवायचं होतं, आणि ते मी बोलवायचं होतं.

तर मुलगा मला आधी आमच्या जवळच्याच एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. काचेचा दरवाजा, आत थंडगार, भिंतीवर कुणा गोऱ्या बाईचे दात आमच्या दारापेक्षा मोठे. कामोठ्यात आता दर दोन दुकानांनंतर असं एक हसू टांगलेलं असतं. डॉक्टर तरुण होता. त्याने माझ्या तोंडात बघितलं आणि बोलायला लागला तो माझ्या मुलाशी.

"आजींच्या वयाच्या मानाने हाड चांगलं आहे. फक्त समोर पातळ आहे."

माझ्या मुलाचं अजून लग्न व्हायचंय आणि हा मला आजी करून मोकळा! मी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, तोंडात आरसा, त्यामुळे बोलायची सोय नाही. माझ्या अंगावरून दोघांचं बोलणं चाललं होतं. मुलगा विचारत होता, सगळ्यात चांगलं काय? डॉक्टर म्हणत होता, इम्प्लांट. त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हाडात स्क्रू, त्यावर दात, जन्माची काळजी मिटली.

मग त्याने पडद्यावर माझा फोटो घेतला आणि त्यात दात बसवून दाखवले. पडद्यावर मी हसत होते. खरं सांगते, मला ते हसू आवडलं. अगदी मनापासून आवडलं. त्या क्षणी त्याने सही करायला कागद पुढे केला असता तर मी केली असती. पण मी सहज विचारलं, किती दिवस लागतील? तेव्हा कळलं की आधी हाड भरायचं, मग काही महिने थांबायचं, मग स्क्रू, मग पुन्हा थांबायचं, आणि मग दात.

"आणि लग्न?" मी विचारलं.

"लग्नासाठी टेम्पररी देऊ ना आजी. फोटोत कुणाला कळणारसुद्धा नाही. फक्त त्यावर जोर द्यायचा नाही. खाताना काढून ठेवायचे, जास्त बोलायचं नाही."

"मला लग्नात गायचंय. दोन दिवस."

तो हसला. वाईट मनाने नाही हसला, ते जास्त वाईट. "आजी, हल्ली डीजे असतो ना! तुम्ही मस्त सोफ्यावर बसा आणि एन्जॉय करा."

मी मुलाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता आणि त्याच्याही ओठांवर थोडंसं हसू होतं. रिक्षाच्या दांडीपेक्षा मला ते जास्त लागलं. याच मुलाला मांडीवर झोपवून मी मांडवात गायले आहे. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि त्याला वाटलं दुखतंय म्हणून गप्प आहे.

त्यानंतर ती बैठक झाली. चहा संपल्यावर भावाने मला सोफ्यावर बसवून घेतलं आणि समजावलं. त्याचा समजावणीचा सूर मला माहीत आहे. ज्यांच्या जमिनी त्याने विकून दिल्या त्यांच्याशीही तो असंच बोलायचा.

"बाय, तू टेन्शन घेऊ नको. धवल्यांची रेकॉर्ड हाय माज्याकडं. मोबाइलमदी. डीजेवाल्याला सांगितलंय, सगल्या मांडवाला ऐकू जाईल असा लावंल तो. तू नवी साडी नेसून फोटोत बस."

"आणि आवतणाचा?"

"तोबी हाय त्याच्यात. समदं हाय."

माझ्या भावाने स्वतः दोन वर्षांपूर्वी सगळे दात नवे करून घेतलेत. इतके पांढरे की त्याच्या नव्या बाथरूमच्या टाइल्स आणि ते दात एकाच दुकानातले वाटतात. मटणाचं हाड फोडायला अजून घाबरतो, पण हसतो मात्र सारखा. त्याला वाटलं की तो माझ्यावर उपकार करतोय. मला वाटलं की तो माझ्या तोंडात सोनं भरून तोंड बंद करतोय. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "बघते." आणि बघायला दुसऱ्या दिवशी एकटी बाहेर पडले.

पनवेलात वडाळे तळ्याच्या बाजूला, एका औषधाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की एका बाईंचा जुना दवाखाना आहे. आमच्या शाळेतल्या निम्म्या बायकांचे दात त्यांनीच काढलेले. खुर्चीत बसायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली. विचारायची वाट बघितली असती तर अजून तिथेच बसले असते.

"मी धवले म्हणते," मी म्हटलं, फसफसत का होईना. "तुळशीच्या लग्नानंतर भाचीचं लग्न आहे. मला खाण्याचं काही नाही, दिसण्याचं थोडं आहे, पण मला गायचंय. आता सांगा."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून ठेवले आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. "मी सांगते काय काय होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "ठरवायचं तुम्ही."

हे शेवटचे दोन शब्द ऐकायला मला जिना चढून तिथे जावं लागलं.

त्यांनी सांगितलं ते असं. इम्प्लांट उत्तम, त्या डॉक्टरने काही खोटं सांगितलं नव्हतं, पण माझ्या हाडाला वेळ लागेल आणि लग्न थांबणार नाही. दुसरा मार्ग ब्रिजचा. पडलेल्या चार दातांच्या दोन्ही बाजूंचे सुळे घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधे चार दात जोडायचे. लग्नाच्या आत होईल, हलणार नाही, जिभेलाही मोकळं वाटेल. गाण्यासाठी सगळ्यात सोयीचं. तिसरी कवळी. काढायची-घालायची. टाळूवर पट्टी येईल, सुरुवातीला बोलणं जड होईल, जोरात गाताना सुटेल अशी भीती राहील. पण कुठल्याही दाताला हात लावावा लागणार नाही.

"सुळे चांगले आहेत माझे?" मी विचारलं.

"एकदम. कीड नाही, काही नाही."

"घासल्यावर परत होतील?"

"नाही. ते परत येत नाहीत."

मी घरी येऊन आठवडाभर या एकाच गोष्टीवर डोकं लावलं. गायचं तर ब्रिज घ्यावा, हे मला कळत होतं. रोज आरशासमोर उभी राहून त्या दोन सुळ्यांकडे बघायची. त्या दांडीवर आपटूनही जे दोघे जागचे हलले नाहीत, त्यांनाच आता घासायचं? एकदा चांगलं होतं ते दिलं की परत येत नाही, हे आमच्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमच्या मिठागरांवर आज इमारती उभ्या आहेत आणि डोक्यावरून विमानं जातात. वडील असेपर्यंत त्यांनी शेवटचा तुकडा विकू दिला नाही. गेले, आणि वर्षाच्या आत भावाने विकला. तेव्हाही सगळे म्हणाले होते, सोयीचं आहे.

मी कवळी घेतली.

मुलाने कपाळाला हात लावला. भावाने फोनवर सांगितलं की मी त्याची इज्जत काढली. शेजारच्या बाई म्हणाल्या, बरं केलंत, या वयात कशाला तो खर्च. त्यांचाही मला रागच आला. वयामुळे नाही घेतली हो, विचार करून घेतली! पण हे कुणाकुणाला सांगत बसणार.

कवळी एकदम तयार होत नाही. आधी माप घेतात, मग गुलाबी मेणात दात बसवून बघतात. मेणात असेपर्यंत दात मागेपुढे करता येतात, एकदा पक्कं झालं की नाही. डॉक्टरबाईंनी ते मेणाचे दात माझ्या तोंडात ठेवले आणि म्हणाल्या, "साठपासून सत्तरपर्यंत मोजा. स नीट येतोय का बघू."

मी मोजलं. स ठीक आला. त्यांना समाधान वाटलं.

"लग्नात मी आकडे म्हणत नाही," मी म्हटलं. "गाऊन बघू?"

त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. मग म्हणाल्या, गा. मी खुर्चीत ताठ बसून, गळ्याला तो कागदी रुमाल तसाच, आवतणाचा धवला सुरू केला. गावदेवीच्या नावावर शीळ वाजली. एकवीरेला जीभ अडली. डॉक्टरबाईंनी मेणाचा तुकडा बाहेर काढला, छोट्या ज्योतीवर पाती तापवली, दातांच्या मागचं मेण खरवडलं, दोन दात केसभर आत घेतले. पुन्हा तोंडात. पुन्हा गावदेवी. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. बाहेरच्या बाकावरची एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली होती, गालावर हात ठेवून, दाढदुखी असावी. ती म्हणाली, "आमच्या पोरीच्या लग्नाला येशील काय गो?" मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि मी हात तोंडावर न नेता हसले.

निघताना डॉक्टरबाईंनी एक बजावलं. खूप वेळ गायलं की तोंड कोरडं पडतं आणि पट्टी सुटते, घोटघोट पाणी घेत राहा.

लग्न भावाच्या घरी होतं, पळस्प्याच्या अलीकडे आमच्या मूळ गावात. हळदीच्या दिवशी मी सकाळीच पोचले, तर मांडवाच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. भावाने मला बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. "तू तिकडं खुर्चीवर बस, बाय. दगदग नको." आमची म्हातारी चुलती जात्याशी बसली होती, हळकुंडांचं सूप पुढ्यात घेऊन. तिच्याभोवती बाया जमल्या. मी कुठे बसते म्हणून त्या बघत होत्या. मी खुर्चीवर बसले. माझा मुलगा माझ्यामागे उभा होता.

भावाने हात वर केला आणि डीजेवाल्याने आवतणाचा धवला लावला.

रेकॉर्डमधल्या बाईचा गळा चांगला होता, ते मान्य करते. गावदेवी आली, पण नाव आमच्या देवीचं नव्हतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकवीरा आली, ती सगळ्यांची, तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग त्या बाईने माणसांना बोलवायला सुरुवात केली. ती रेकॉर्ड उरणकडच्या कुठल्यातरी घरच्या खऱ्या लग्नात केलेली होती. एवढ्या मोठ्या आवाजात, आमच्या मांडवात, तिने कुणाच्यातरी आजोबांचं नाव घेतलं. मग कुणाच्यातरी वडिलांचं.

चुलतीने जात्याचा खुंटा सोडला.

"ह्यो कोनाचा बापूस बोलावला आपल्या मांडवात?" ती म्हणाली. "आणि आपला कुठं हाय?"

स्पीकर बोलवतच राहिला. परक्या घरचे मेलेले एकेक करून आमच्या दारात येत होते आणि आमचे वडील, ज्यांनी आमच्या मिठागरात उभं राहून मीठ ओढलं, त्यांना कुणी विचारत नव्हतं. मला भयंकर राग आला. भाची आत पाटावर बसली होती, ती उठून दारात आली आणि रडायला लागली. भाऊ डीजेवाल्याकडे धावला. "बंद कर!" तो ओरडला. "बंद कर रे ते!"

स्पीकर बंद झाला. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठले नाही. वडिलांना बोलवायला माझा जीव तुटत होता, पण मी उठले नाही. 'गा' हे आधी भावाने म्हणायला हवं होतं.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाय, सुरू कर."

"मी कवळी घालून गाणार आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "तुझ्या मांडवात चालेल? लोक काय म्हणतील?"

"चालंल," तो खाली बघत म्हणाला.

मी जात्याजवळ जाऊन चुलतीच्या शेजारी बसले. माझा मुलगा कुठूनतरी पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि माझ्या बाजूला मांडी घालून बसला, बायांमध्ये, एकटा पुरुष. मी सुरुवात केली. आमच्या गावदेवीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं. गात गात पणजोबांपर्यंत गेले, आजोबा-आजीला बोलावलं, आई आली. तोंड सुकलं आणि पट्टी खाली यायला लागली. मी ती जिभेने वर दाबून धरली. मुलाने तांब्या पुढे केला, मी घोट घेतला आणि वडिलांचं नाव घेतलं. स्वच्छ आलं. एकही अक्षर सुटलं नाही. चुलतीने जातं फिरवायला सुरुवात केली. भाऊ मांडवाच्या खांबाला धरून उभा होता आणि त्याचे ते सगळे पांढरेशुभ्र दात ओठांच्या आत होते.

लग्न झालं. मुलाने माफी वगैरे मागितली नाही, पण आता कुठल्याही दुकानात, दवाखान्यात तो एक पाऊल मागे उभा राहतो आणि मला बोलू देतो. कवळी मी अजून तीच वापरते. इम्प्लांटचं पुढे बघेन, वाटलं तर. हाड माझं आहे, घाई कुणाला नाही.

महिन्याभराने भाऊ कामोठ्याला आला. एकटाच. पिशवीत सुके बोंबील होते, मला आवडतात म्हणून. या वेळी एक्स-रे नव्हता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, तरी तो उठेना.

"बाय," शेवटी तो म्हणाला, "मी गेल्यावर, नातवंडांच्या लग्नात, माजं नाव घेशील ना?"

माझा राग तोवर गेला नव्हता. अजूनही सगळा गेलेला नाही. "दादा, मी तुझ्याहून थोडीच लहान आहे," मी म्हटलं. "तू मांडवाबाहेर उभा असशील, तेव्हा मीही तुझ्या शेजारीच असेन. आपल्याला कोण बोलावणार?"

हे त्याला सुचलं नव्हतं. त्याने खिशातून मोबाइल काढला. "तुजा आवाज रेकॉर्ड करून ठेवू?"

"आणि तुझं नाव त्यात आत्ताच घालू? तू समोर चहा पीत असताना, मेलेल्यांच्या रांगेत?"

त्याने मोबाइल घाईघाईने खिशात घातला, जणू मी ते नाव घेतलंच. मग रिकामा कप उचलून तोंडाला लावला आणि परत खाली ठेवला.

"मंग पोरीला पाठवतो," तो म्हणाला. "शिकव तिला."

"तिला विचारून पाठव," मी म्हटलं.